मुखवट्याला नाचवतं कोण? डिस्नेलँडचे जुने फोटो कसे बघायचे

ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती. बोलतानाचं अडखळणं काढून टाकलंय आणि आकडेमोड थोडी नीट मांडलीय. बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय वरवर बघता हलकाफुलका आहे. एका जातीचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. अमेरिकेतलं डिस्नेलँड, साठचं किंवा सत्तरचं दशक. एक बाई, केसांचा उंच फुगा, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक. आणि तिचा हात हातात घेऊन नाचणारं एक भलंमोठं अस्वल. किंवा सूट घातलेले एक आजोबा आणि त्यांच्यासमोर डोलणारा गूफी. मागे चार माणसं हसतायत. रंग थोडे उडालेले, कडा जराशा धूसर.

आपण असा फोटो बघतो, "किती गोड!" म्हणतो आणि पुढे जातो. पण थांबून बघितलं तर त्यात तीन गोष्टी वाचता येतात. एक, त्या पोशाखाच्या आत काय चाललंय. दोन, फोटो साधारण कधीचा आहे. आणि तीन, ही सगळ्यात महत्त्वाची, त्या काळी त्या बागेत कोणाला कोणाबरोबर नाचायची परवानगी होती. तिसऱ्या मुद्द्यावर मी शेवटी येणार आहे, कारण त्याला आधीचे दोन लागतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या फोटोंत आपली नजर पात्राकडे जाते, पण बघण्यासारखा असतो तो पाहुणा. कारण नाच तो चालवत असतो. आतल्या माणसाला धड दिसत नाही, बोलायची मुभा नाही, आणि काही पोशाखांत तर चालणारे हातही नसतात. कसं ते बघूया.

सुरुवात उसन्या कपड्यांवर

डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला, कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावात. उद्घाटन एबीसी वाहिनीवर थेट दाखवलं गेलं. निवेदक तिघे होते: आर्ट लिंकलेटर, बॉब कमिंग्ज आणि रोनाल्ड रेगन. हो, तेच रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या दिवशीच्या मिरवणुकीत मिकी, मिनी वगैरे मंडळी चालताना दिसतात. गंमत म्हणजे त्यांचे पोशाख बागेचे स्वतःचे नव्हतेच. ते 'आईस कॅपेड्स' नावाच्या बर्फावरच्या स्केटिंगच्या शोकडून उसने आणले होते.

ही नुसती गंमत नाही, फोटो वाचताना ती उपयोगी पडते. रिंकवरच्या खेळात प्रेक्षक लांब बसतो. त्याला शेवटच्या रांगेतून ओळखू यायला हवं की हा मिकी आणि ती मिनी. त्यामुळे डोळे ठळक, डोकं ठसठशीत, आणि खाली माणसाचं नेहमीचं सडपातळ शरीर, कारण त्याला स्केटिंग करायचंय. लांबून हे छान दिसतं. पण तोच पोशाख हाताच्या अंतरावर आला, की लहान मुलं रडायला लागतात. पन्नाशीतल्या फोटोंत मुलं आईच्या मागे लपलेली दिसतात, त्याचं बरचसं कारण हे आहे. त्या मुखवट्यांचं काम वेगळं होतं आणि त्यांना भलत्याच कामाला लावलं होतं.

पोशाखातला मिकी त्याआधीही लोकांनी पाहिला होता. २१ डिसेंबर १९३७ ला हॉलिवूडजवळच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये 'स्नो व्हाइट' पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताला मिकी, मिनी आणि डोनाल्ड उभे होते. पण तो एका रात्रीचा कार्यक्रम. १९५५ नंतर प्रश्न बदलला. आता ही पात्रं रोज, दिवसभर, गर्दीत मिसळून फिरणार होती. लोक त्यांना हात लावणार, मिठी मारणार, शेपूट ओढणार. आणि बँड वाजायला लागला की नाचायला ओढणार.

साडेसात डोकी विरुद्ध तीन डोकी

चित्रकलेत माणसाची उंची डोक्यात मोजतात. प्रौढ माणूस म्हणजे साधारण साडेसात डोकी उंच. मिकी मात्र ढोबळमानाने तीन डोक्यांचा. म्हणजे उंचीचा एक तृतीयांश भाग नुसतं डोकं. कागदावर काढायला काही अडचण नाही. पण आत खरा माणूस घालायचा म्हटलं की गणित अडतं.

भागाकार करून बघा. आतला माणूस १६५ सेंटीमीटरचा असेल, तर तीन डोक्यांच्या हिशोबाने डोकं ५५ सेंटीमीटर उंच हवं. एवढं डोकं दारातून नेतानाही तिरकं करावं लागेल, मानेवर पेलणं तर लांबच. तेच माणूस १३७ सेंटीमीटरचा, म्हणजे साडेचार फुटांचा असेल, तर डोकं ४६ सेंटीमीटरवर येतं. हेही मोठंच आहे, पण निभतं. डोक्याचा आकार कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आतला माणूस बुटका निवडणं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: कोड बदलत बसण्यापेक्षा इनपुट बदललेलं स्वस्त पडतं.

साठच्या दशकात डिस्नेने हेच केलं. बिल जस्टिस नावाचे अ‍ॅनिमेटर होते, चिप आणि डेल या खारींच्या चित्रपटांवर काम केलेले. त्यांच्याकडे पात्रांचे पोशाख नव्याने आखण्याचं काम आलं. चित्र हलवणाऱ्या माणसाने कपडा आखला, हे इथे महत्त्वाचं. त्याला ठाऊक असतं की पात्राचं पात्रपण चेहऱ्यापेक्षा चालीत जास्त असतं. आणि १९६१ पासून मिकीच्या पोशाखात होते पॉल कॅसल, साडेचार फुटी, मूळचे आईस कॅपेड्सचेच स्केटर. पंचवीसएक वर्षं त्यांनी मिकी केला.

बघा, फेरा कसा पूर्ण झाला. आधी स्केटिंगच्या शोकडून कपडे आणले, मग माणूस आणला. स्केटरचा फायदा उघड आहे. तोल, गिरकी, पायांचा अंदाज, हे सगळं त्याला न बघता जमतं. आणि न बघता जमणं हीच या कामाची पहिली अट आहे.

आत काय दिसतं?

जुन्या फोटोतला मिकी नीट बघा. डोळे रंगवलेले असतात. ते दाखवायचे डोळे, बघायचे नव्हेत. आतला माणूस बघतो ते बहुधा उघड्या तोंडातून, जिथे काळी जाळी लावलेली असते. बाहेरून तोंड नुसतं काळं दिसतं. हे कसं जमतं, तर आपल्या घरच्या खिडकीच्या डासांच्या जाळीसारखं. दिवसा रस्त्यावरून जाळीच्या आतलं काही दिसत नाही, पण आत उभ्या माणसाला रस्ता स्पष्ट दिसतो. बाहेर उजेड, आत अंधार, एवढ्यावर ते चालतं.

यातला मजेदार नमुना म्हणजे विनी द पू. त्याचा पहिला लघुपट १९६६ चा. त्या काळच्या पूच्या डोक्यावर चक्क मधाचं मडकं असायचं. लोकांना वाटायचं, पात्राला मध आवडतो म्हणून मडकं दिलंय. खरं कारण असं की आतल्या माणसाचे डोळे त्या मडक्याच्या पातळीवर यायचे आणि तो मडक्यातल्या जाळीतून बघायचा. पूचा चेहरा त्याच्या छातीपाशी यायचा! म्हणून अशा फोटोत पाहुणी पूच्या डोळ्यांत बघून हसत असते, पण आतला माणूस तिच्या नजरेच्या बऱ्याच वरून बघत असतो.

आता अशा पोशाखात नाचायचं म्हणजे काय, याची कल्पना करा.

नजर एका चौकटीपुरती. खाली पाय दिसत नाहीत, बाजूचं काही दिसत नाही. कमरेएवढं मूल जवळ आलं तर कळतही नाही. डोकं जड, आणि जड वस्तू फिरवायला जेवढी जड, तेवढीच थांबवायलाही जड. झटकन गिरकी घेतली, तर शरीर थांबतं पण डोकं आणखी थोडं फिरतं, मग जाळी तोंडासमोरून सरकते आणि होती तेवढीही नजर जाते. बुटांची लांबी पावलाच्या दीडपट. हातमोज्याला बोटं चार, आत बोटं पाच, म्हणजे दोन बोटं एका खोळीत. समोरच्याचा हात घट्ट धरताच येत नाही.

आणि बोलायचं नाही. "जरा सावकाश", "माझा पाय", "पाणी हवंय", काहीच नाही. मिकीचा आवाज जगाला माहीत असतो आणि आतल्या माणसाचा तो नसतो, म्हणून गप्प.

या सगळ्याचा परिणाम फोटोत दिसतो. पात्राचे पाय बहुतेक वेळा जागच्या जागी असतात, फार तर डावी-उजवीकडे डोलणं. फिरतो तो पाहुणा. हाताची पकड बघा: पाहुण्याची बोटं मोज्याभोवती वळलेली असतात, मोजा नुसता ठेवलेला असतो. कोपर बघा: उचललेलं कोपर पाहुण्याचं असतं. जोडीच्या नाचात एकजण नेतो आणि दुसरा त्याच्यामागे जातो. इथे नेणारा नेहमी तो, ज्याला दिसतंय. म्हणून मी म्हटलं, फोटोत पाहुणा बघा. पन्नाशीच्या एका अनोळखी बाईने एका आंधळ्या, मुक्या, अवजड सोबत्याला तालात फिरवलंय आणि फोटोत श्रेय मात्र अस्वलाला मिळालंय.

पोशाख कोर्टात जातो तेव्हा

पोशाख काय करू शकतो आणि काय नाही, हा प्रश्न खरोखर कोर्टात गेला होता. दोन किस्से आहेत, दोन्ही डिस्नेलँडचे.

पहिला १९७६ चा. तीन डुकरांपैकी एकाने आपल्याला धरून अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, असा एका बाईंचा दावा होता. कंपनीच्या वकिलांनी पोशाखाचा फोटो पुढे केला. त्या डुकराला हात म्हणून नुसते शोभेचे खुंट होते, ते हलतच नव्हते. त्या काळच्या बुटक्या पात्रांचे पोशाख असे असायचे. दावा मागे घेतला गेला. तेव्हा तीन डुकरांबरोबर नाचणाऱ्यांचे जुने फोटो सापडले, तर बघा, पाहुणे डुकराला खांद्याला किंवा डोक्याला धरतात. हात धरायला हातच नाहीत!

दुसरा १९७८ मधल्या घटनेचा. पूने एका मुलीला थोबाडीत मारली असा आरोप. आतल्या कलाकाराचं म्हणणं, मुलगी मागून पोशाख ओढत होती, मी वळलो आणि चुकून तिच्या कानाला लागलं. खटल्यात तो कलाकार पूचा पोशाख घालून साक्षीदाराच्या जागी आला. प्रश्नांना पू जशी उत्तरं देईल तशी त्याने दिली, आणि त्यात थोडा नाचूनही दाखवला. वकिलांनी दाखवलं की पोशाखाचे हात इतके खाली आहेत की त्या उंचीच्या मुलीला थोबाडीत मारणं शक्यच नाही. ज्यूरीने २१ मिनिटांत त्याला निर्दोष ठरवलं.

हा किस्सा सगळे हसत सांगतात, मलाही हसू येतं. पण त्यामागची गोष्ट साधी आहे. ज्याला दिसत नाही आणि बोलता येत नाही, त्याला गर्दीत सोडलं की अपघात होणारच. आज बागेत पात्रासोबत एक मदतनीस उभा असतो आणि रांग लावली जाते. जुन्या फोटोंत तशी रांग फारशी दिसत नाही. ते मोकळेपण आपल्याला हवंहवंसं वाटतं, पण त्याची किंमत आतला माणूस मोजत होता.

फोटो कधीचा? थोडी गुप्तहेरगिरी

आता दुसरा प्रश्न. तारीख लिहिलेली नसली तरी बराच अंदाज बांधता येतो.

पहिली खूण पात्राची. चित्रपट यायच्या फार आधी त्यातलं पात्र बागेत फिरत नाही. मडकेवाला पू दिसला तर फोटो १९६६ च्या सुमाराचा किंवा नंतरचा. बलू अस्वल किंवा किंग लुई माकड असेल तर 'द जंगल बुक'च्या, म्हणजे १९६७ च्या आसपासचा किंवा पुढचा. रॉबिन हूडचा कोल्हा असेल तर १९७३. यातून "याच्या आधीचा नाही" एवढंच कळतं. "याच्या नंतरचा नाही" हे त्यातून कळत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरी खूण जागेची. मागे किल्ला दिसतोय? कॅलिफोर्नियातला स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला ७७ फुटांचा, तसा ठेंगणा. फ्लोरिडातला सिंड्रेलाचा १८९ फुटांचा, उंच आणि निमुळता. फ्लोरिडाची बाग १ ऑक्टोबर १९७१ ला उघडली, म्हणजे तो किल्ला दिसला की फोटो १९७१ नंतरचा. आणि स्नूपी नाचताना दिसला, तर तो डिस्नेचा नाहीच. तो शेजारच्या नॉट्स बेरी फार्मचा असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे स्नूपी आला १९८३ ला.

तिसरी खूण फिल्मची, आणि ही माझी आवडती. कोडॅकचं दुकान डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवर पहिल्या वर्षापासून होतं, त्यामुळे रंगीत फिल्म बागेत सहज मिळायची. पण पन्नाशीतली कोडाक्रोम फिल्म अतिशय मंद होती, एएसए १०. आज आपला फोन सहज काही शे ते काही हजारांवर जातो, त्यापुढे १० म्हणजे काहीच नाही. गणित करूया. कडक उन्हात, एफ ५.६ ठेवलं तर साधारण १/८० सेकंदाचं शटर. चालणारा माणूस यात पकडता येतो. पण नाच चाललाय छताखाली, सावलीत. तिथे उजेड आठपट कमी धरा, मग शटर येतं १/१० सेकंदावर. दहाव्या भागात नाचणाऱ्याचा हात वीतभर सरकतो. म्हणून त्या फोटोंत पात्राचं डोकं स्पष्ट आणि पाहुणीचा फ्रॉक पुसट दिसतो. म्हणजे स्थिर कोण होतं आणि हलत कोण होतं, हे फिल्मनेच लिहून ठेवलंय! वर जे म्हटलं, पाहुणा फिरतो आणि पात्र जागेवर डोलतं, त्याचा हा पुरावा.

१९६१ ला कोडाक्रोम दोन आली, एएसए २५. १९६३ ला इन्स्टामॅटिक कॅमेरा आला आणि फिल्म भरणं म्हणजे डबी खोपणीत टाकण्याइतकं सोपं झालं. त्याचे फोटो चौकोनी. १९६५ ला फ्लॅशक्यूब आला, चार दिव्यांचा छोटा ठोकळा, प्रत्येक फोटोनंतर पाव वळणारा. मग रात्रीच्या नाचाचे फोटो घरगुती कॅमेऱ्यांतूनही भराभर यायला लागले: पुढची जोडी पांढरीफटक, मागे काळोख. फ्लॅशचा उजेड जाळीतून आत गेला तर काळ्या तोंडाच्या आत कधी कधी नाकाचा शेंडा चमकून जातो. मला असे फोटो सगळ्यात जवळचे वाटतात.

आणि एक व्यवहाराची खूण. कोडॅककडे धुतलेल्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर बरेचदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तसंच कागदी फोटोच्या कडेलाही. ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीतला रोल नाताळानंतर धुतला गेलाय, असं घराघरांत व्हायचं.

नाचाचा चौक आणि त्याचे नियम

आता तिसरा प्रश्न. हे नाच होत कुठे होते?

डिस्नेलँडमध्ये किल्ल्याजवळ ऑगस्ट १९५६ मध्ये कार्नेशन प्लाझा गार्डन्स नावाची जागा सुरू झाली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं छत, एक मंच आणि समोर नाचायला फरशी. इथे बिग बँड वाजायचे, काउंट बेसीसारखे मोठे कलाकारही डिस्नेलँडमध्ये वाजवून गेलेत. १९५७ पासून उन्हाळ्यात 'डेट नाइट' सुरू झाली, जोडप्यांनी संध्याकाळी यायचं आणि नाचायचं. १९६१ पासून 'ग्रॅड नाइट', शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी रात्रभर बाग उघडी. पुढे टुमॉरोलँडमध्ये रॉक बँड आले, आणि १९८५ ला तरुणांसाठी 'व्हिडिओपोलिस' नावाचा मोठा नाचचौक. कार्नेशन प्लाझा २०१२ पर्यंत चालला.

म्हणजे नाच ही बागेची किरकोळ बाजू नव्हती, तो धंद्याचा भाग होता. आणि धंदा म्हटलं की नियम आले. कपडे नीटनेटके हवेत. आणि जोडी हवी एक पुरुष आणि एक स्त्री अशी.

१३ सप्टेंबर १९८० च्या रात्री दोन तरुण मुलगे टुमॉरोलँडमध्ये एकमेकांबरोबर नाचायला लागले. सुरक्षारक्षकांनी त्यांना थांबवलं आणि बागेबाहेर काढलं. ते कोर्टात गेले. कॅलिफोर्नियात १९५९ चा एक नागरी हक्कांचा कायदा आहे, जो धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकांत भेदभाव करू देत नाही. १९८४ मध्ये ज्यूरीने त्या दोघांच्या बाजूने निकाल दिला. बागेने आधी म्हटलं की निकाल फक्त या दोघांपुरता आहे. मग १९८५ ला तो नियम मागे घेतला. तरीही १९८८ ला तीन विद्यार्थ्यांनी पुन्हा दावा केला की व्हिडिओपोलिसमध्ये एकमेकांना धरून नाचताना त्यांना अडवलं गेलं. बागेकडून आश्वासन मिळाल्यावर तो दावा त्यांनी मागे घेतला.

आता हे डोक्यात ठेवून त्या गोड फोटोंकडे परत बघा.

सूटमधले आजोबा गूफीबरोबर नाचतायत. गूफी उंच, म्हणजे आत बहुधा उंच माणूस, पण खात्री कोण देणार? मिकीच्या आत बुटका पुरुष असू शकतो किंवा बाई. अस्वलाच्या आत कोण, हे कळू न देणं हाच कामाचा भाग. त्यामुळे त्याच बागेत, त्याच बँडवर, एखादा पुरुष एका पुरुषाच्या हातात हात देऊन नाचत असणं अगदी शक्य होतं. लोक टाळ्या वाजवायचे, बायको फोटो काढायची. मधे फक्त फर होती. फर काढली की तोच नाच बाहेर काढण्याचं कारण व्हायचा.

यात कोणी ठरवून दुटप्पीपणा केला, असं मला म्हणायचं नाही. गूफीसोबत नाचणाऱ्या आजोबांच्या मनात हे आलंही नसेल. पण नियम कशावर बोट ठेवत होता ते यातून दिसतं. स्पर्शावर नव्हे, नाचावर नव्हे, तर दोन चेहरे ओळखू येण्यावर. आपल्याकडे सोंग घेतलेल्याला सगळं माफ असतं, बहुरूप्यावर कोणी रागावत नाही. मुखवट्याला मिळणारी ही सूट सगळीकडे सारखीच. प्रश्न असतो तो मुखवटा नसलेल्यांचा.

म्हणून मला हे फोटो नुसते गोड वाटत नाहीत. त्या चौकटीच्या आत काय चालायचं ते त्यांत दिसतं, आणि काय चालायचं नाही त्याचे फोटो फारसे निघालेच नाहीत. जुन्या फोटोंचा गठ्ठा बघताना हा हिशोब कायम ठेवावा लागतो: जे दिसतंय तेवढंच घडत होतं असं नाही, जे काढू दिलं ते दिसतंय.

तुमच्या कपाटात असतील तर

शेवटी थोडं कामाचं. १९६५ ला अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे पुष्कळ इंजिनियर, डॉक्टर तिकडे गेले. त्यांच्या पहिल्या सहलींच्या स्लाइड पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांकडे डब्यांत पडून असतात. त्यात साडी नेसलेली एखादी मावशी मिकीशेजारी उभी असेल, काय सांगावं! असा डबा हाती लागला तर चार गोष्टी करा.

स्लाइड पुठ्ठ्यातून काढू नका, आणि पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंचाही फोटो घ्या. तारीख तिथेच असते. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर रंग फार छान टिकवते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात ते उडतात, म्हणून परत परत पडद्यावर दाखवू नका, एकदाच चांगलं स्कॅन करा. त्या काळचे कागदी फोटो लालसर झाले असतील तर घाबरू नका, निळसर रंग आधी उडाल्यामुळे तसं होतं, आणि बराचसा तोल संगणकावर परत आणता येतो.

आणि चौथी, माझ्या धंद्यातली. एआयने फोटो "सुधारून" देणारी अ‍ॅप वापरणार असाल, तर मूळ स्कॅन आधी वेगळं जपून ठेवा. ही अ‍ॅप माणसांच्या लाखो फोटोंवरून शिकलेली असतात. चार बोटांचा मोजा दिसला की ती पाचवं बोट जोडू शकतात. तोंडातली काळी जाळी दिसली की तिथे दात रंगवू शकतात. हलल्यामुळे पुसट झालेला फ्रॉक धारदार करून टाकतात. म्हणजे आज आपण जे जे वाचलं, नेमकं तेच पुसलं जातं: आतला माणूस कुठून बघत होता, हात का धरता येत नव्हता, आणि नाच कोण चालवत होतं. तो धूसरपणा दोष नाही, ती नोंद आहे.

घरातल्या मोठ्यांना जमलं तर विचारून ठेवा, फोटो कोणी काढला, आणि नाचायला आधी हात कोणी पुढे केला. तो स्लाइडच्या पुठ्ठ्यावर कुठेच छापलेला नसतो.

आजच्या भागात एवढंच. तुमच्याकडे असे फोटो असतील तर जरूर कळवा, तारीख लावायला मजा येईल.